किस्से लक्षात राहतात, गाणं राहत नाही: कलाकारांची चरित्रं कशी वाचावीत?

प्रश्न: मी ४ वर्षांपासून शास्त्रीय गायन शिकतो आहे. गायक-वादकांची चरित्रं, आत्मचरित्रं आवडीने वाचतो. पण पुस्तक मिटल्यावर डोक्यात उरतात ते फक्त किस्से. त्या कलाकाराचं गाणं मला आधीपेक्षा जास्त कळलं, असं काही होत नाही. शिवाय एकच प्रसंग दोन पुस्तकांत दोन तऱ्हांनी येतो. ही पुस्तकं वाचावीत तरी कशी?

उत्तर: मी गाणं शिकवते, आणि शिकवण्याच्या जोडीने बरीच वर्षं वयस्कर कलाकारांसमोर ध्वनिमुद्रण यंत्र ठेवून त्यांच्या आठवणी टिपत आले. त्यामुळे किस्सा कसा घडतो हे मी जवळून पाहिलं आहे. सुरुवात तिथूनच करते.

एका ज्येष्ठ तबलावादकांकडे मी आठवणी टिपायला जात असे. पहिल्या वर्षी त्यांनी सांगितलं की, तालमीत त्यांचा एक कायदा, म्हणजे तबल्यातली ठरलेल्या बोलांची रचना, चुकला, गुरुजी काहीच बोलले नाहीत, उठले आणि आत निघून गेले. हे तासभर तसेच तबल्यासमोर बसून राहिले. दोन वर्षांनी तोच प्रसंग पुन्हा निघाला. या वेळी गुरुजींनी हातातली तबल्याची हातोडी फेकून मारली होती. मी जपून विचारलं की, मागच्या वेळी तर ते नुसते उठून गेले होते ना? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गुरुजी उठून गेले हेच खरं. पण मला हातोडी लागल्यासारखंच झालं होतं." त्यांच्या आयुष्यावर कुणी पुस्तक लिहिलंच, तर त्यात छापली जाईल ती हातोडी. शांतपणे उठून जाणारे गुरुजी कुणाच्या लक्षात राहणार?

म्हणून किस्सा मी टाकून देत नाही, पण त्यावर भिंतही उभारत नाही. माणसाला त्या वेळी काय वाटलं याचा तो चांगला पुरावा असतो. काय घडलं याचा पुरावा दुसरीकडे शोधावा लागतो.

दोन पुस्तकं दोन तऱ्हा सांगतात तेव्हा आधी बघा की सांगणारा कोण आहे आणि तो कुठे उभा राहून सांगतो आहे. शिष्याने लिहिलेल्या चरित्रात गुरू सहसा चुकत नाहीत, आणि लेखक गुरूंच्या फार जवळचा असतो. ही जवळीक नेहमी खरी असते असं नाही. बेटोव्हन या जर्मन संगीतकाराचं उदाहरण बघा. बहिरेपण वाढल्यावर त्याला भेटायला येणारी माणसं वहीत लिहून बोलत. तो मात्र बहुधा तोंडीच उत्तर देई. म्हणजे त्या वह्यांत संभाषणाची समोरच्याची बाजू उरली आहे, त्याची स्वतःची बाजू फारशी नाही. त्याच्याकडे काही काळ मदतनीस म्हणून असलेल्या अँटोन शिंडलरने १८४० साली त्याचं चरित्र छापलं, आणि पुढच्या कित्येक लेखकांनी ते प्रमाण मानलं. १९७७ साली जर्मन अभ्यासकांनी दाखवून दिलं की, वह्यांतल्या अनेक नोंदी शिंडलरने बेटोव्हनच्या मृत्यूनंतर स्वतः घुसडल्या होत्या. आपण त्याच्या किती निकट होतो हे दिसावं, म्हणून. त्याच्या पाचव्या सिंफनीच्या, म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या मोठ्या रचनेच्या, सुरुवातीचे चार स्वर म्हणजे दारावर नियतीची थाप, ही जगभर सांगितली जाणारी गोष्ट आपल्यापर्यंत आली ती याच शिंडलरकडून. शिंडलर वाचूच नये असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या पुस्तकात जिथे जिथे "मला ते म्हणाले" असं येतं, तिथे पेन्सिलीची बारीक खूण करा. आपल्याकडच्या चरित्रांतही ही खूण खूप उपयोगी पडते.

कलाकार स्वतःच सांगत असेल तरी सावध राहावं लागतं. अमेरिकेतला जॅझ कलाकार लुई आर्मस्ट्राँग आयुष्यभर आपला जन्म ४ जुलै १९०० चा सांगत असे. तो अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. तो १९७१ साली गेला, आणि त्यानंतर काही वर्षांनी चर्चच्या नोंदवहीत त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली. तिच्यात जन्म होता ४ ऑगस्ट १९०१ चा. जॅझ गायिका बिली हॉलिडेचं १९५६ सालचं आत्मचरित्र एका पत्रकाराने तिच्याकडून ऐकून लिहिलं. त्याच्या पहिल्याच वाक्यात आईवडिलांच्या लग्नाचा उल्लेख आहे, आणि ते लग्न कधी झालंच नव्हतं. यामुळे ही माणसं खोटारडी ठरतात असं मला वाटत नाही. गरिबीत, हेटाळणीत वाढलेल्या मुलाने स्वतःसाठी देशाचा वाढदिवस निवडला, यातून तो माणूस मला जास्तच कळतो. मात्र तुमच्या वहीत जन्मतारीख लिहिताना नोंदवहीतली लिहा.

आता तुमच्या मुख्य अडचणीकडे येते. वाचूनही गाणं का कळत नाही?

कारण चरित्रात आपण घटना वाचतो, आणि गाणं घडतं ते घटनांच्या मधल्या दिवसांत. पंडित भीमसेन जोशींचं उदाहरण घ्या. अब्दुल करीमखाँसाहेबांच्या गाण्याने झपाटून १९३३ साली अकरा वर्षांच्या मुलाने घर सोडलं, हे सगळ्यांना पाठ असतं. घर सोडण्याचं निमित्त कोणी तबकडीवरचं गाणं सांगतं, कोणी जेवणावरून झालेली रुसवाफुगवी. त्यावर वाद घालण्यात वाचकांचे तासन्‌तास जातात. मी विद्यार्थ्यांना त्या पुढच्या पानावर थांबवते. सवाई गंधर्वांकडे त्यांना पहिल्या काळात प्रामुख्याने तोडी, मुलतानी आणि पूरिया या रागांचीच तालीम मिळाली, असं ते सांगत. वाचणारा हे वाक्य "गुरू किती कडक होते" या सदरात टाकून पुढे जातो.

तिथे थांबा आणि तंबोरा जुळवा. तोडी आणि मुलतानीचे स्वर एकच आहेत. दोन्हींत ऋषभ, गंधार, धैवत कोमल आणि मध्यम तीव्र. तरीही तोडीत कोमल ऋषभ, गंधार आणि धैवत यांच्यावर रेंगाळता येतं, आणि मुलतानीत आरोहातून ऋषभ-धैवत गायबच होतात. तिथे पंचमावर बस्तान असतं. सकाळी जो गंधार गायलात तोच दुपारी गायचा, पण दुसऱ्याच वाटेने त्याच्यापर्यंत पोचायचं. संध्याकाळी पूरिया लागला की पंचमच काढून घेतला. आता पाय टेकायला ती जागाही नाही. कोवळ्या वयाच्या मुलाने वर्षानुवर्षं हेच केलं, तर त्याला राग म्हणजे स्वरांची यादी असं पुढे कधी वाटेल का? तीन रागांची ही निवड मला तरी फार खोल अभ्यासक्रम वाटते. पुस्तकात एक ओळ असते. ती तुमच्या गळ्यात महिनाभर फिरवलीत तर ते पुस्तक वाचलं असं मी म्हणेन. आज सकाळी तोडीचा एक आलाप घ्या, दुपारी त्याच स्वरांवर मुलतानी घ्या, आणि गळा कुठे नकळत तोडीत घसरतो ते बघा.

रियाजाच्या तासांबद्दल एक सूचना, आणि ही मनापासून देते. "रोज अठरा तास मेहनत" अशी वाक्यं जवळपास प्रत्येक चरित्रात आहेत. माझ्याकडच्या एका मुलीने असंच एक पुस्तक वाचून पहाटे उठून सलग अडीच तास खर्ज, म्हणजे अगदी खालच्या सप्तकातले स्वर, लावायला सुरुवात केली. मला सांगितलं नाही. पंधरा दिवसांत तिचा आवाज असा बसला की मध्य सप्तकाचा षड्जसुद्धा खरखरत लागायचा. डॉक्टरांनी महिनाभर गाणं बंद करायला सांगितलं. त्या अठरा तासांत काय काय धरलेलं असतं हे पुस्तक सांगत नाही. गुरूच्या घरी राहणाऱ्या शिष्याचा दिवस म्हणजे तंबोरे जुळवणं, दुसऱ्याची तालीम चालू असताना कोपऱ्यात बसून ऐकणं, घरची कामं करताना चीज गुणगुणणं, रात्री मैफलीत मागे बसून तंबोऱ्याची साथ करणं. गळा प्रत्यक्ष ताणला जातो तो यातला थोडा वेळ. कान मात्र दिवसभर उघडे असतात. चरित्रातून उचलायचं तर हे ऐकणं उचला. तुमच्यासारख्या ४ वर्षं शिकलेल्या माणसाच्या पदरात सगळ्यात जास्त त्यातूनच पडेल.

दुसरी गोष्ट पैशाची. वाचकांना ती रुक्ष वाटते, मला सगळ्यात बोलकी वाटते. कलाकाराला पैसे कोण देत होतं, कशाचे देत होतं, आणि त्या बदल्यात त्याने काय लिहून दिलं होतं? हायडन या युरोपीय संगीतकाराची १७६१ सालची नेमणूक बघा. एस्टरहाझी या सरदार घराण्याशी झालेला त्याचा करार अजून वाचायला मिळतो. गणवेश घालायचा, पांढरे मोजे घालायचे, केसांना पावडर लावायची, दिवसातून दोनदा बाहेरच्या दालनात येऊन आज काय वाजवायचं याची आज्ञा घ्यायची. मालक सांगतील ते रचायचं आणि ते इतर कुणाला द्यायचं नाही. १७७९ साली नवा करार झाला, त्यात हे शेवटचं बंधन उठलं, आणि हायडनच्या रचना उघडपणे युरोपभर छापल्या जाऊ लागल्या. "हायडन लोकप्रिय झाला" असं एखाद्या चरित्रात येतं, तेव्हा त्याच्या मागे बदललेलं हे एक कलम असतं.

त्याच नोकरीत १७७२ साली त्याने एक सिंफनी लिहिली. मालकांनी उन्हाळी वाड्यातला मुक्काम लांबवत नेला होता, वादकांची कुटुंबं दूर दुसऱ्या गावी होती, आणि माणसं घरच्या ओढीने कासावीस झाली होती. शेवटच्या भागात एकेक वादक आपलं वाजवणं संपवतो, समोरची मेणबत्ती विझवतो आणि निघून जातो. शेवटी दोन व्हायोलिनं उरतात. मालकांनी इशारा ओळखला, असा किस्सा म्हातारपणी हायडनने आपल्या चरित्रकारांना सांगितला. हा किस्सा मी इतरांपेक्षा जास्त मानते, कारण तो तपासता येतो. रचना आजही वाजते, आणि वाद्यं खरोखर एकामागून एक गळत जातात. ती ऐका, आणि त्याआधी करारातलं दालनात हजर राहण्याचं कलम वाचा. नोकर माणसाला बोलायची मुभा कुठे होती ते कानाला समजेल.

आपल्याकडे दरबार, संस्थानं, नाटक मंडळ्या, खासगी बैठका, मग तबकडी आणि रेडिओ असा हा व्यवहार बदलत गेला. प्रत्येक बदलात गाणंही थोडं बदललं. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली उभी राहिली. तिच्या वैभवाची वर्णनं वाचाल तेव्हा कर्जाचीही पानं वाचा. ती दोन्ही पानं एकाच माणसाच्या स्वभावातून आलेली आहेत.

तबकडीबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तुमच्या पिढीचं जुन्या कलाकारांचं ऐकणं सगळं तिच्यातूनच होतं. १९०२ साली कलकत्त्यात गोहरजान या गायिकेच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण झालं. तिच्या तबकड्यांवर गाणं संपताच ती इंग्रजीत आपलं नाव पुकारते. हा नखरा आहे असं पुष्कळांना वाटतं. ती तबकडी दाबून काढली जाणार होती जर्मनीत, हॅनोव्हरच्या कारखान्यात. तिथल्या कामगारांना भाषा येत नव्हती, लेबल कोणतं चिकटवायचं हे कळावं म्हणून हे पुकारणं. चरित्र वाचून मग ती तबकडी ऐकली, की नाव पुकारणाऱ्या त्या आवाजात तंत्रज्ञ, कारखाना, समुद्रापलीकडचा प्रवास, सगळं ऐकू येतं.

आणि वेळ बघा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. चरित्रकार लिहितो की अमुक बुवा विलंबित ख्याल दीड तास खुलवत. तुम्ही तबकडी लावता, तर अस्ताई, म्हणजे चिजेचा पहिला भाग, होते न होते तोच ताना सुरू. तुम्हाला वाटतं पुस्तक फुगवून लिहिलंय. तसं नसतं. बुवांनी तबकडीवर दीड तासाचं गाणं आखडलेलं नसतं, तीन मिनिटांचं एक वेगळंच गाणं केलेलं असतं. त्यात आणखी एक गोष्ट, १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोनच नव्हता, कर्ण्यात तोंड घालून गावं लागे. मोठा, धारदार आवाज तबकडीवर उमटायचा आणि नाजूक आवाज हरवायचा. म्हणून "खाँसाहेबांचा आवाज पहाडी होता" असं वाचलं की तो शेरा मैफलीत बसून ऐकणाऱ्याचा आहे की तबकडी ऐकणाऱ्याचा, हे आधी पाहा. मी चरित्र वाचताना मार्जिनमध्ये ध्वनिमुद्रणाचं साल आणि त्या वेळचं कलाकाराचं वय लिहिते. पस्तिसाव्या वर्षाचं वर्णन आणि साठाव्या वर्षाचं ध्वनिमुद्रण यांची गल्लत केल्याने आपण किती कलाकारांवर अन्याय करतो!

पुस्तकात काय नाही तेही बघायला शिका. हिराबाई बडोदेकर या अब्दुल करीमखाँसाहेब आणि ताराबाई माने यांच्या कन्या. आईवडील वेगळे झाले, मुलं आईजवळ वाढली. हा वियोग वडिलांच्या बाजूने सांगितला तर खाँसाहेबांच्या ऐन कीर्तीतलं एक दुखरं पान ठरतो. मुलीच्या बाजूने सांगितला तर सगळ्याची सुरुवातच तिथे होते: घर कसं चालणार, शिकवणार कोण, गाण्याच्या जोरावर उभं राहायचं तर समाज काय म्हणेल. दोन्ही खरं आहे. पण बायकांची आयुष्यं आपल्याकडे बहुतेकदा दुसऱ्याच्या चरित्रातल्या अर्ध्या ओळीत सापडतात. अशी अर्धी ओळ दिसली की मी पान दुमडते. त्या काळच्या गायिकांनी स्वतः लिहिलेलं फार थोडं आहे, तेव्हा ती अर्धी ओळ आणि त्यांच्या तबकड्या, दोन्ही जोडून वाचाव्या लागतात. व्यसनं, प्रेमप्रकरणं, भांडणं यांच्या प्रकरणांवर मी वेळ घालवत नाही. गाण्याच्या दृष्टीने त्यांतून हाती येतं ते फार थोडं.

प्रत्यक्ष वाचताना कसं करायचं ते सांगते. पुस्तक उघडायच्या आधी त्या कलाकाराचं एकच ध्वनिमुद्रण निवडा आणि तीन-चार वेळा ऐका. काय वाटलं ते दहा ओळींत लिहून ठेवा. चुकलं तरी चालेल, कुणाला दाखवायचं नाही. मग पुस्तक सलग वाचा, किस्से भरपूर चाखा, अडवू नका स्वतःला. दुसऱ्यांदा वाचताना फक्त तीन ठिकाणी थांबा: तालमीचं प्रकरण, पैशाच्या नोंदी, आणि जिथे आवाजात किंवा हातात काही बदल झाला ते वळण. मग तेच ध्वनिमुद्रण पुन्हा ऐका आणि पहिल्या दहा ओळींखाली नव्या ओळी लिहा. पहिल्या दोन-तीन पुस्तकांत फारसा फरक दिसणार नाही. चौथ्याच्या आसपास असं होईल की एखाद्या तानेचा उगम पुस्तकात सापडेल, किंवा पुस्तकातलं एक विधान कान नाकारेल. त्या दिवशी मला कळवा, फार आनंद होईल.

आणि ज्यांचं ध्वनिमुद्रणच नाही त्यांचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. तुम्हाला मी सुरुवात तिथूनच करायला सांगेन. अल्लादियाखाँसाहेब १८५५ ते १९४६ असे नव्वदीपर्यंत जगले. उमेदीच्या काळात अतिगायनाने त्यांचा आवाज गेला, आणि परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. त्या आवाजातून त्यांनी स्वतःची गायकी नव्याने बांधली. उतारवयात त्यांनी आपल्या आठवणी नातवाला सांगितल्या, त्यामुळे त्यांचा शब्द आपल्याजवळ आहे. स्वर मात्र नाही. तो त्यांच्या शिष्यांमध्ये शोधावा लागतो. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर, दोघींनीही त्यांच्याकडे तालीम घेतली, आणि दोघींचे आवाज, स्वभाव, गाण्याचा थाट अगदी निराळा. एका संध्याकाळी दोघींची ध्वनिमुद्रणं पाठोपाठ ऐका. त्यांच्यात काय वेगळं आहे ते लगेच कळेल, तिकडे लक्ष देऊ नका. काय सारखं आहे ते शोधा: तानेचा पेच कसा पडतो, श्वास कुठे घेतला जातो, लयीला न सोडता आलाप समेवर कसा उतरतो. जे दोघींत सापडेल ते वहीत लिहा. मग आवाज गेल्याचं ते प्रकरण पुन्हा उघडा आणि वही शेजारी ठेवून वाचा.